बी वेचून झाल्यावरची काजूबाग

कोकणात मेअखेर शेवटची काजू बी वेचली, की बागेकडे जी पाठ फिरते ती थेट मोहोर दिसेपर्यंत. पीक घरात आले, आता झाडाचे काय, असा त्यामागचा हिशेब. मला तो मुळातच चुकीचा वाटतो, कारण पुढच्या पिकाचा निकाल बहुतांशी याच महिन्यांत लागतो. काजूचा मोहोर जुन्या लाकडावर येत नाही. पावसाळा सरताना झाडाच्या बाहेरच्या घेरावर, उन्हाच्या बाजूला जी नवी पालवी फुटते, तिच्या शेंड्यांवर तो येतो. ती पालवी पोसायला मुळांनी अन्न उचलायचे, तर जमिनीत ओल हवी. डिसेंबरात मोहोर पाहून घातलेले खत कोरडवाहू बागेत तसेच पडून राहते.

‘काजू हे रानचे झाड, कातळावरही वाढते, त्याला खत कशाला?’ या आक्षेपात निम्मे तथ्य आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड हलक्या जमिनीत तग धरते खरे. पण तग धरणे वेगळे आणि दरवर्षी पीक देणे वेगळे. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती अधिक बी मिळावी म्हणूनच निवडल्या गेल्या. बागेबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोत्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाशही जातात, आणि बोंडे गोळा करून नेली तर त्यांतला पालाशही. जांभी माती ही तूट भरू शकत नाही. ती आम्लधर्मी असल्याने स्फुरद लोहाशी बांधला जातो, तर नत्र आणि पालाश पावसाबरोबर वाहून जातात.

मग पावसात खत घालणे म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे नव्हे का? जून-जुलैच्या धारेत घातले तर तसेच होईल. म्हणून पावसाचा जोर ओसरला, पण ओल टिकून आहे, असा ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ साधायचा. पूर्ण वाढलेल्या झाडासाठी महाराष्ट्रातली शिफारस वर्षाला १ किलो नत्र आणि स्फुरद, पालाश प्रत्येकी २५० ग्रॅम अशी आहे. म्हणजे साधारण सव्वादोन किलो युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, चारशे ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, आणि जोडीला शेणखत किंवा गिरिपुष्पाचा पाला. नुसता युरिया टाकून मोकळे होणाऱ्यांना पाने मिळतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. खत बुंध्याशी नको, अन्न घेणारी बारीक मुळे तिथे कमी असतात. ते फांद्यांच्या घेराखाली उथळ चरात घालून मातीने झाकावे. उतारावर वरच्या अंगाला अर्धगोल चर पुरतो.

मजूर मिळत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. सगळे जमत नसेल, तर पहिला मान बुंधा तपासण्याला द्यावा. रोठ्याची अळी सालीखाली पोखरते. पाने पिवळी पडेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, पण बुंध्याशी डिंक आणि भुसा त्याआधी दिसतो. तेव्हाच साल तासून अळी काढली तर झाड वाचते. निम्म्याहून अधिक घेर खाल्ला गेला असेल, तर झाड मुळासकट काढून बागेबाहेर न्यावे, नाहीतर कीड शेजारच्या झाडांवर जाते. त्यानंतर खत. सुक्या आणि एकमेकींत शिरलेल्या फांद्यांची छाटणी, कापांवर बोर्डो पेस्ट, ही कामे उरलेल्या हातांनी करावीत, आणि एखाद्या वर्षी ती राहिली तरी चालेल.