अण्णांची चाल

सहलीला निघण्यापूर्वी यादी करायची ही माझी जुनी खोड. माथेरानच्या दोन दिवसांत कोणते पॉइंट सकाळी पाहायचे आणि कोणते संध्याकाळी, हे मी दादरला घरी बसूनच ठरवून टाकले होते. यादीत एकच गोष्ट धरायची राहिली होती. अण्णांचे गुडघे!

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. दस्तुरी नाक्यापुढे आपली मोटार नेता येत नाही. पॉइंट पाहायचे ते पायी, नाही तर घोड्यावर. "घोड्यावर बसायला मी काय लग्नाला निघालोय?" असे म्हणून अण्णांनी तो प्रश्न निकालात काढला.

लाल मातीच्या वाटेने आमची वरात निघाली. दर पन्नास पावलांवर अण्णा थांबत. कधी जांभळीच्या खोडावर हात ठेवीत, कधी मान वर करून हिरडा न्याहाळीत. शेवटी मी बोललोच, "अण्णा, असे चाललात तर सूर्य काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

"तुम्ही व्हा पुढे," ते शांतपणे म्हणाले.

आम्ही झालो पुढे. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून प्रबळगडाआड सूर्य बुडताना पाहिला, मुलांनी फोटो काढले. परतताना मात्र रान एकाएकी दाट वाटू लागले. अण्णांना सोडले होते तिथे अण्णा नव्हते! सौ. काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होते. लहानपणी जत्रेत हरवल्यावर मारली होती तशी हाक मी मारली.

"अरे, इथे आहे मी!" वळणापलीकडे एका दगडावर अण्णा बसले होते. शेजारी एक घोडेवाला. दोघांच्या गप्पा रंगात आल्या होत्या.

रात्री जेवताना मी मुलांना सांगत होतो, "ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली इथे आला आणि त्याने माथेरान शोधून काढले."

"शोधून कसले?" अण्णा हसले. "धनगर-ठाकरांचा वावर आधीपासूनच होता इथे. तोही कुणाच्या तरी मागून चालत आला असेल."

दुसऱ्या दिवशी यादी खिशातच राहिली. मी अण्णांच्या मागून चाललो. दुपारपर्यंत एकच पॉइंट झाला.

"चार वर्षांचा होतास तेव्हा तूही असाच दर दगडापाशी थांबायचास," अण्णा म्हणाले. "मंडईतून घरी यायला तास लागायचा."

तेव्हा त्यांची किती कामे खोळंबली, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.