बाराशेची मर्यादा

आमच्या घरातलं मॅट्रिकनंतरचं शिक्षण अडलं ते दादांच्या पगारपत्रकावर. दादा, म्हणजे वडील, सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीत साच्यावर होते. सरकारने १९५९ साली ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फी-माफी सुरू केली होती. आमच्या वेळी तिची मर्यादा वर्षाला १२०० रुपये. महागाई भत्ता धरून दादांना महिन्याला शंभराच्या थोडे वर मिळायचे, म्हणजे आम्ही श्रीमंतांत जमा! गल्लीतल्या एका आडत्याच्या मुलाला मात्र माफी मिळाली. त्याच्या बापाला पगारपत्रक नव्हतं, दाखला होता. दादा एवढंच म्हणाले, "गिरणीवाल्याला खोटं बोलायची सोयच नाही बे."

मग माझ्या मोठ्या भावाची, अण्णाची, दयानंद कॉलेजची फी आली कुठून? थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या विड्यांतून. सातवीत तिची शाळा सुटली ती सुटलीच. सकाळी भिजवलेली पानं कात्रीने कापायची, दुपारभर मांडीवर सूप घेऊन वळायचं, संध्याकाळी विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तपासणारा वाकड्या विड्या बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, पान-तंबाखूचा हिशेब मात्र तिच्याच माथी. टर्म-फी जवळ आली की ती रात्रीही बसायची, आणि त्याच दिव्याखाली आमचा अभ्यास. आमच्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. कॉलेजातली पोरं त्यावरून चिडवायची.

पुढे घरात एक रीत पडली: नोकरीला लागेल त्याने पाठच्याची फी भरायची. अण्णा बँकेत लागला, त्याने माझी भरली, मी धाकटीची. अण्णाने त्यापायी लग्नसुद्धा लांबवलं. या रितीचं आम्ही आजही कौतुक सांगतो. पण साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' काढलं, तिथे राबणाराच शिकत होता. आमच्याकडे राबली एक, शिकले दुसरेच. फी वरून खाली जायची आणि अक्का सगळ्यांत थोरली, म्हणून तिची पाळी कधी आलीच नाही.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ते बरं झालं. अक्काची नात पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिचं खोलीभाडं आणि मेस आम्ही तिघं भावंडं मिळून भरतो. नातेवाईक म्हणतात, फेडलंत बघा. कसलं फेडणं? नातीचं शिक्षण हे नातीचं. तेव्हा मुलींना विचारायची पद्धत नव्हती, हे खरं आहे. तरी अक्कावर झाला तो अन्यायच, आणि त्यावरच आम्ही तिघं पदवीधर झालो.