एकाच कापडाचे दोन शर्ट

चाळ पुनर्विकासाला गेली आणि खोली रिकामी करायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. लालबागमधली दहा बाय बाराची खोली. आई-वडील गेल्यापासून ती बंदच होती. बायको म्हणाली, काही ठेवू नकोस, भंगारवाल्याला बोलाव. मी तेच करणार होतो. पण पोटमाळ्यावर वडिलांची पत्र्याची पेटी निघाली आणि मी खाली बसलो.

वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टर होते. आयुष्यभर रात्रपाळीत दुसऱ्यांची पत्रं लावली. घरी आलेल्या पत्रांचीही त्यांनी तशीच शिस्त ठेवली होती. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘आले’ आणि तारीख, त्याखाली ‘उ. दि.’ आणि तारीख. उ. दि. म्हणजे उत्तर दिले. दोन्ही तारखा पडल्या की पत्र तारेला टोचलं जायचं. पेटीत अशा तारा होत्या, विम्याच्या पावत्या होत्या, जुनं रेशनकार्ड होतं. तळाशी एक खाकी पाकीट होतं. त्यात एक फोटो आणि एक आंतरदेशीय पत्र.

फोटो कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. परळच्या एका स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग, कारंजं आणि कुठेच न जाणारा जिना. पुढे सतरा वर्षांची दोन पोरं. मी ताठ, फासावर चढवायला आणल्यासारखा. माझ्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला, नेमका त्याच क्षणी काहीतरी बोललेला आणि म्हणून ओठांशी जरा पुसट आलेला, तो धोटा. फोटोमागे त्याच्या तिरक्या अक्षरात ‘दिवाळी १९८१’.

धोटा हे अर्थात त्याचं नाव नव्हे. साच्यावर कापड विणताना ताण्यातून इकडून तिकडे धावतो तो धोटा. ह्याला एका जागी बसणं माहीत नव्हतं. चाळीच्या गॅलरीत या टोकाकडून त्या टोकाला त्याच्या दिवसातून पन्नास खेपा व्हायच्या. त्याचे वडील, आबा, गिरणीत साचेखात्यात होते. त्यांनीच एकदा वैतागून ‘आरं धोटा हाईस का पोरगा’ म्हटलं आणि ते चिकटलं. मी पोस्ट. वडिलांमुळे.

फोटोत आम्हा दोघांच्या अंगात एकाच कापडाचे शर्ट आहेत. हत्तीच्या कानाएवढ्या कॉलरी, तेव्हाच्या फॅशनच्या. कापड आबांनी आणलं होतं. गिरणीच्या दुकानात कामगारांना कटपीस स्वस्तात मिळायचे. त्या दिवाळीत त्यांनी एक मोठा तुकडा आणला आणि जाहीर केलं, ‘ह्ये माझ्या साच्यावरचं हाय.’ साचेखात्यातल्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते साधं बोलले तरी दोन मजल्यांना कळायचं. धोटा म्हणाला, ‘तिथं एवढं साचं चालत्यात, तुमच्याच साच्यावरचं कशावरनं?’ आबांनी कापड चिमटीत धरून उजेडात नेलं. ‘आपलं पोरगं गर्दीत वळकू येतंय का न्हाई? मग झालं तर.’

तुकड्यात एक शर्ट होऊन थोडं उरणार होतं, दोन होणार नव्हते. धोट्याने टेलरशी घासाघीस केली, बाह्या अर्ध्या ठेवल्या, खिसे काढून टाकले आणि दोन शर्ट बसवले. तरी एका शर्टाच्या पाठीच्या पट्टीला कापड कमी पडलं. तिथे दुसराच, जाडसर तुकडा लावावा लागला. तो शर्ट त्याने घेतला. ‘मी एका जाग्यावर उभा कुठं राहतोय, माझी पाठ कोण बघणार?’ म्हणाला. फोटोत पाठ दिसत नाही. दोन्ही शर्ट सारखेच दिसतात.

त्यांचं गाव पाटण तालुक्यात, साताऱ्याकडचं. चाळीत त्यांची खोली आमच्यापासून तिसरी. त्याची आई, जिला सगळी चाळ आक्का म्हणायची, खानावळ चालवायची. गावाकडची एकटी माणसं एकेका गाळ्यात वीस-वीस, पाळ्यांवर झोपायची आणि जेवायला अशा खानावळीत यायची. पहिली पाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. भोंगा वाजला की त्याप्रमाणे आक्काची चूल. धोटा कॉलेजात जाण्याआधी डबे पोचवायचा आणि आल्यावर रिकामे गोळा करायचा. अभ्यास रात्री. आम्ही दोघं दादरच्या एका कॉलेजात बारावी कॉमर्सला होतो. मंडळाच्या अभ्यासिकेत अकरापर्यंत बसायचं, मग एका कटिंगमध्ये दोघं, मग पायऱ्यांवर बसून बाराचा भोंगा होईपर्यंत गप्पा. गप्पा कसल्या, तोच बोलायचा. भारतमातामध्ये पाहिलेला सिनेमा तो आख्खा, सगळ्यांचे आवाज काढून, पुन्हा दाखवायचा. हिशेबात मात्र तो माझ्या पुढे होता. महिन्याअखेरीला पन्नास माणसांच्या जेवणाचा हिशेब डोक्यात करणाऱ्याला बुककीपिंगचं काय अवघड?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्यांचे जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं अशा मागण्या होत्या आणि पुढारी दत्ता सामंत. पहिले दिवस सणासारखे होते. भोंगे बंद पडल्याने आम्हाला उठायला उशीर व्हायचा. आबा हिशेब सांगायचे, ‘चौऱ्याहत्तरचा बेचाळीस दिवस चालला हुता. ह्यो लई तर दोन महिनं.’ चाळीत त्यांच्यापेक्षा जास्त अनुभव कुणाला नव्हता, म्हणून ते सगळ्यांना पटलं.

आधी बंद पडली खानावळ. जेवणारी माणसं गावाला निघून गेली, मागची उधारी तशीच राहिली आणि वाण्याने आक्काला उधार देणं थांबवलं. फेब्रुवारीत आक्का दोन्ही मुलींना घेऊन गावी गेली. आबा सभा-मोर्चांसाठी थांबले, मग तेही भातशेतीच्या कामाला म्हणून गेले. धोटा बारावीची परीक्षा होईपर्यंत एकटा राहिला.

आई त्याला रोज जेवायला बोलवायची. तो चार दिवस आला, मग म्हणाला, गाववाल्यांच्या गाळ्यात शिजवतात, तिथं जेवतो. मला ते खरं वाटलं. की खरं वाटून घेतलं? मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी वडील रात्रपाळी करून आले आणि आईशी हळू आवाजात बोलताना मी ऐकलं. भायखळ्याच्या भाजी मंडईत त्यांनी धोट्याला पाहिलं होतं, डोक्यावर कोबीची गोण घेऊन. पहाटे चारला तिथे जायचा, ओझी वाहायचा आणि नऊला येऊन पुस्तक उघडायचा. वडील मला म्हणाले, ‘मी बघितलं हे त्याला कळू देऊ नकोस.’ मी कळू दिलं नाही. पण त्यानंतर अभ्यासिकेत तो टेबलावर डोकं टेकून झोपला की मी त्याला उठवायचो, वाचायचं सोडून झोपतोस काय म्हणून. तसं केलं नसतं तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावत होतो.

शेवटचा पेपर झाल्यावर परळ डेपोतून रात्रीच्या एसटीने तो गेला. मी पोचवायला गेलो होतो. अंगात तोच शर्ट होता. बसमध्ये चढताना पाठीवरची ती वेगळी पट्टी दिसली. ‘जूनला येतो, निकालाला,’ म्हणाला.

तो आला नाही. त्याचा निकाल मीच पाहिला आणि कार्ड टाकून कळवला. माझ्यापेक्षा त्याला अकरा मार्क जास्त होते. मी त्याच कॉलेजात पुढे गेलो. आमच्या घरी एक तारखेला पगार येत होता. चाळीतल्या बहुतेक घरांत तेव्हा तो येत नव्हता, हे मला कळत होतं, पण खुपत नव्हतं. सतरा-अठराव्या वर्षी आपलं चालू आहे तेच जगाचं चालू आहे असं वाटतं. कॉलेजात नवे मित्र मिळाले. ते गिरगावात, पार्ल्यात राहणारे होते. मी लालबागचा आहे हे सांगताना मी ‘दादरजवळ’ म्हणायला शिकलो.

आणि मग ते पत्र आलं. पेटीत सापडलं तेच. चाळीस वर्षांनी मी ते पुन्हा वाचलं. अर्ध्या पानात भात, पाऊस, धाकटीचा ताप. मग, संप अजून मिटत नाही, आबा रोज पेपरची वाट बघतात. आणि शेवटी एक काम: ‘मुंबई विद्यापीठाची बी.कॉम.ची परीक्षा बाहेरून देता येते असं ऐकतो. फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख काय, फी किती, तेवढं विचारून कळव. फीचं मी बघतो.’

तेवढंच काम होतं. फोर्टात जायचं, खिडकीवर विचारायचं, कार्डावर चार ओळी लिहायच्या. मी शनिवारी जाणार होतो. त्या शनिवारी काहीतरी निघालं. पुढच्या आठवड्यात चाचणी परीक्षा होती. मग दिवाळी. दिवाळीनंतर वाटलं, आता तारीख उलटून गेली असेल, मग कळवायचं काय? त्यानंतर तर नुसतं ‘कसा आहेस’ लिहायचीही लाज वाटायला लागली. वडिलांनी दोनदा विचारलं, ‘त्याला लिहिलंस?’ मी हो म्हणालो.

ते फसले नव्हते. पत्राच्या कोपऱ्यात त्यांची पेन्सिल होती. ‘आले १८-१०-८२’. त्याखाली ‘उ. दि.’ आणि पुढे कोरी जागा. पेटीतल्या शेकडो पत्रांत दुसरी तारीख नसलेलं ते एकच होतं. म्हणूनच ते तारेला टोचलेलं नव्हतं. पाकिटात, फोटोसोबत, बाजूला ठेवलेलं होतं.

गिरणगाव कसं संपलं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो विझत गेला. हजारो माणसांना गिरणीने परत घेतलं नाही. आबांच्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे. संपाने लोकांचं काय काय नेलं हे सांगताना मीही बऱ्याचदा म्हणत आलो, ‘माझा जिवलग मित्र गेला त्या संपात.’ ऐकणारे हळहळायचे. ते पत्र हातात घेतल्यावर कळलं की हे खोटं आहे. संपाने त्याला गावी नेलं, पण त्याने तिथून हाक मारली होती. ती मी ऐकूनही बसून राहिलो. हे संपाच्या खात्यावर टाकता येणार नाही. मैत्री भांडणानेच तुटते असं नाही. एका शनिवारच्या कंटाळ्यानेही तुटते, आणि भांडण झालेलं नसल्यामुळे समेटाचीही सोय राहत नाही.

त्याच रात्री मी पत्र लिहिलं. पत्ता जुनाच, त्या आंतरदेशीय पत्रावरचा. खाली माझा फोन नंबर. फोटोची एक प्रत आत घातली आणि पोस्टाने पाठवली. गावाच्या पत्त्याचं एक बरं असतं, माणूस हलला तरी त्याला ओळखणारं कुणीतरी असतं.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. ‘पोस्ट?’ एवढंच. आवाज जाड झालाय, पण मोठा. आबांसारखा. मी काही बोलायच्या आत त्याने बोलायला सुरुवात केली आणि पाऊण तास बोलत होता. आबा नव्वद साली गेले, आक्का परवापरवापर्यंत होती. बहिणींची लग्नं झाली, पोरगा पुण्याला कंपनीत आहे. ‘आणि तू काय करतोस?’ मी विचारलं. ‘गिरणी सुटली न्हाई बाबा अजून. पिठाची टाकली. माझा भोंगा मीच, पाळी पण माझीच.’ आणि हसला.

मग मी ते काढलं. म्हणालो, तू एक पत्र पाठवलं होतंस, बी.कॉम.च्या फॉर्मचं. पलीकडे थोडा वेळ नुसता गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. ‘कुठलं पत्र? मला न्हाई आठवत,’ तो म्हणाला. बुककीपिंगच्या पेपरातली बेरीज त्याला अजून आठवत होती, हे त्याने पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

लगेच त्याने विषय शर्टावर नेला. ‘काय फक्कड पोपटी रंग हुता रं!’ मी म्हणालो, पोपटी कुठला, आकाशी होता. आमची तिथे जुंपली, चाळीच्या पायऱ्यांवर जुंपायची तशी. फोटो कृष्णधवल, त्याचा उपयोग नाही. शेवटी तो म्हणाला, ‘थांब, आक्कानं माझ्या शर्टाचा तुकडा गोधडीत लावलाय, बघतो.’ फोन पिठाच्या डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने परत आला. ‘धुऊन धुऊन पांढरा पडलाय. पर पाठीची जाड पट्टी हाय अजून, शाबूत.’

मेमध्ये पाटणला जायचं ठरलं आहे. खोली मी रिकामी करून दिली. पेटी घरी आणली, बायको काही बोलली नाही. ते आंतरदेशीय पत्र काढलं, वडिलांच्या पेन्सिलीने ‘उ. दि.’च्या पुढे तारीख घातली आणि तारेला टोचलं.