उंदीर, घरघर आणि कोमल गंधार

गिटारच्या जाड तारांवरून बोट सरकवलं की चिर्रकन आवाज येतो. या तारांना वरून बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यावर बोटाची कातडी घासते, म्हणून. आम्ही त्याला ‘उंदीर’ म्हणायचो. मित्र गिटार घेऊन बसला की आमच्यातला कुणीतरी उंदीर मोजायलाच बसलेला असायचा, आणि ठरल्यापेक्षा जास्त निघाले की चहाचे पैसे वाजवणाऱ्याकडे. मग तो बोटांना पावडर चोपडायचा, तारांवरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. (हे कुणी करू नये. उंदीर जातात, पण त्यांच्याबरोबर तारेचा आवाजही जातो.)

त्याच मित्राने आता, पन्नाशी मागे टाकल्यावर, पदरचे पैसे घालून एक अल्बम काढला आहे. नुसती गिटार. शब्द नाहीत, ठेका नाही, शेवटचा तुकडा सोडला तर ओळखीची चालही नाही. त्यातला तिसरा तुकडा सगळाच्या सगळा उंदरांचा आहे. उजव्या हाताने तार एकदाही छेडलेली नाही. डावा हात मानेवर वरखाली फिरतो, कधी नखाने, कधी पेराने, आणि माइक इतका जवळ की बोट उचललेलंसुद्धा कळतं. ऐकताना पहिल्यांदा मला हसूच आलं. मग जाणवलं की वर जाणारा उंदीर आणि खाली येणारा उंदीर वेगळे आहेत, हळू बोटाचा स्वर खाली असतो, झपाट्याने गेलेल्या बोटाचा वर चढतो, आणि हा माणूस त्यातून चक्क सवाल-जवाब करतो आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात माडीवर त्याची खोली. कोलकात्याकडच्या बनावटीची, तारा पट्टीपासून बोटभर उंच असलेली गिटार. तिला बाहेरून चिकटवलेला एक पिकअप आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर. कर्वे रस्त्यावर अलूरकरांचं कॅसेटींचं दुकान होतं, पण तिथे शास्त्रीय संगीताचा दरारा. तिथे गिटार मागायची तर ब्रिजभूषण काब्रांची मागावी. 1967 सालचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार, हे आमच्या सगळ्यांच्या घरी असायचंच. ती आमच्या आईवडिलांची गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली. आम्हाला उभी हवी होती.

ती मिळायची कोऱ्या कॅसेटवर भरून देणाऱ्या दुकानांतून. कोरी साठ मिनिटांची टीडीके द्यायची, बरोबर गाण्यांची यादी, आणि आठवड्याने जाऊन आणायची. सोलो बसवायचा म्हणजे ऐकून, मागे घेऊन, पुन्हा ऐकून. रिवाइंडचं बटण इतकं वापरलं जायचं की तेवढ्याच जागी फीत पातळ होऊन आवाज डुगडुगायचा. ‘कम्फर्टेबली नम्ब’मधला डेव्हिड गिल्मरचा सोलो मित्राने असाच बसवला. मग दुसऱ्या दुकानातून भरून आणलेली एकाची कॅसेट लावली तर सगळं अर्ध्या स्वराने खाली. भरणाऱ्या डेकचा वेग जास्त होता की या डेकचा कमी, यावर दोन दिवस वाद झाला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. आमच्याकडच्या यंत्रांना हे कुणी सांगितलेलं नसावं. मित्राने काही पट्टी बदलली नाही. गिल्मरच चुकतोय म्हणाला.

तेव्हाचं आमचं सगळं ऐकणं हे काहीतरी वजा करून ऐकणं होतं. फितीची सुसू वजा करायची, डॉल्बीचं बटण दाबून बघायचं, मग आवाज गुदमरला म्हणून पुन्हा सोडायचं. शेजारच्या पंख्याची खटखट वजा. आणि सगळ्यात मोठी वजाबाकी त्या अ‍ॅम्पच्या घरघरीची. वाड्यातला प्लग दोन पिनांचा, अर्थिंगचा पत्ता नाही, त्यामुळे अ‍ॅम्प चालू केला की खोलीभर घर्रर्र. तारांना हात लावला की ती दबायची, हात उचलला की परत वर. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “वाजवत नाहीयेस तर ती घरघर तरी बंद कर!”

काकूंची तक्रार आता अल्बमवर आहे. म्हणजे त्यांचा आवाज नाही, घरघर आहे. चौथा तुकडा.

हा तुकडा मी आधी मोबाइलवर ऐकला आणि मला काहीच ऐकू आलं नाही. सुरुवातीला बराच वेळ शांतता, मग काहीतरी कुरकुरल्यासारखं, मग पुन्हा शांतता. स्पॉटिफायवर तीस सेकंदांच्या आत पुढे गेलात तर ते ऐकणं मोजलंच जात नाही. या तुकड्याच्या वाट्याला फारशी मोजणी येईल असं वाटत नाही. पण मित्राने गमतीखातर काही कॅसेटीही काढल्या आहेत आणि त्यातली एक मला पाठवली होती. घरातला जुना डेक माळ्यावरून काढला तर आतल्या रबरी पट्ट्याचं वितळून डांबर झालेलं. तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानदारांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, चौथ्याने डबा उपसून मापाचा पट्टा काढून दिला. त्या डेकला चांगले हेडफोन लावले, रात्री पंखा बंद केला आणि बसलो.

डाव्या कानात एक घरघर. तिच्यावर हात पडतो, ती दबते. हात निघतो, ती वर येते. तार वाजतच नाही. नुसतं धरणं आणि सोडणं. मग उजव्या कानात दुसरी घरघर, जरा उंच आणि जरा स्वच्छ. दोन्ही एकत्र आल्या की मधेच एक थरथर उठते, कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारी.

त्याला फोन केला. “डावी कुठली?”

“वाड्यातली. रिकामा करायला आलो होतो ना गेल्या वर्षी. बिल्डरला ताबा द्यायच्या आधी अ‍ॅम्प लावून ठेवला नि रेकॉर्ड केलं. उजवी इथली, बेसमेंटमधली.”

तो आता न्यू जर्सीत असतो. मी कागद-पेन्सिल घेतली. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, अमेरिकेतली 60. सहाला पाच. आणि षड्जाशी कोमल गंधाराचं नैसर्गिक नातंही तेवढंच, 6:5. म्हणजे सदाशिव पेठेतली वीज सा धरली, तर न्यू जर्सीची वीज कोमल गंधारावर बोलते. हार्मोनियमवर दाबून पाहिला तर तिथला कोमल गंधार किंचित उतरलेला. विजेचा जास्त सुरात. ती छातीतली थरथर म्हणजे दोन्हींतला फरक, सेकंदाला दहा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून 50 आवर्तनांचा आवाज बाहेरच पडत नाही, म्हणून तिथे सगळं रिकामं वाटलं होतं.

“हे ठरवून केलंस?” मी विचारलं.

“नाही रे. दोन्ही ट्रॅक शेजारी ठेवले आणि छान वाटलं. का छान वाटलं ते नंतर कळलं.”

मला हे उत्तर आवडलं. हिशेब आधी मांडून केलं असतं तर तुकडा इतका मोकळा झाला नसता. आणि एक जुनी गोष्टही आठवली. ‘जी’ कॉर्डातली गाणी त्या माडीवरच्या खोलीत नेहमी जरा भरून यायची. आम्हाला वाटायचं त्याचा हात त्या कॉर्डवर बसलाय. खरं तर घरघरीची वरची छटा 100 आवर्तनांची, आणि जाड तारेवर तिसऱ्या पट्टीतला ‘जी’ 98च्या आसपास. घरघर त्याला साथ करत होती. अर्थात तेव्हाची वीज पन्नासवर तरी कुठे धड टिकायची! मागणी वाढली की आवर्तनं खाली घसरायची. म्हणजे आमच्या साथीदाराची पट्टीही दुपारी एक आणि संध्याकाळी एक.

बाकीच्या तुकड्यांबद्दल थोडक्यात. पहिला आणि दुसरा मला सारखेच वाटले, तारा ढिल्या करून वाजवलेले. अशी प्रयोगाची गिटार गेली पन्नासहून जास्त वर्षं लोक वाजवताहेत. ब्रिटनच्या फ्रेड फ्रिथचा ‘गिटार सोलोज’ 1974 सालचा. कीथ रो तर त्याच्याही आधीपासून गिटार टेबलावर आडवी टाकून तिच्यावर हाताला येईल ते घासत होता. मित्राला हे सगळं अमेरिकेला गेल्यावर भेटलं. सगळ्यात जास्त भिनला तो डेरेक बेली. हा शेफील्डचा माणूस आधी नाचाच्या बँडांत चोख वाजवून पोट भरायचा, आणि मग जवळजवळ आयुष्यभर कुठलीही ओळखीची धून येऊ नये अशा बेताने वाजवत राहिला. उत्स्फूर्त वादनावर त्याने पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. मित्र सांगत होता, ते पान उघडलं आणि वाड्यातल्या खालच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई आठवल्या. त्यांच्या रियाजाच्या वेळी आम्ही मुद्दाम आवाज वाढवायचो.

त्या बाई पाचव्या तुकड्यात आहेत, असं माझं म्हणणं. तो कबूल करत नाही. गिटारची तार पट्ट्यांवर आपटून करकरते, हा आमच्या त्या स्वस्त वाद्याचा कायमचा रोग. ती करकर जावी म्हणून आम्ही ब्रिजखाली पत्ते सारायचो, कानस मारायचो. आणि त्याच वेळी, बरोबर आमच्या पायांखाली, बाई तंबोऱ्याच्या घोडीवर सुती दोरा सरकवून तीच करकर शोधत बसलेल्या असायच्या. नाही जमलं तर तंबोरा मिरजेला जायचा, जवारी काढून परत यायचा. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरांची अर्धी विद्या घोडीचा माथा घासून तार नेमकी किती करकरली पाहिजे हे ठरवण्यात आहे. पाचव्या तुकड्यात मित्राने ब्रिजपाशी शिवणाचा दोरा घातला आहे. तार छेडली की स्वर आधी साधा येतो आणि मग उमलत, झणझणत वर चढतो. अल्बममधला हा मला सर्वांत सुंदर वाटलेला भाग. आणखी दुप्पट लांब चालला असता.

अल्बम स्वतःच काढण्याचं म्हणाल तर तीही परंपरा जुनीच. अमेरिकेतल्या जॉन फेहीने 1959 साली स्वतःची पहिली तबकडी स्वतःच काढली, फक्त 100 प्रती. बेलीने 1970 साली टोनी ऑक्सली आणि इव्हान पार्करबरोबर स्वतःची इंकस ही कंपनी सुरू केली. आमच्या मित्राला तबकडीचा खर्चही नाही. बँडकॅम्पवर चढवला, ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के घेतात, बाकीचे जवळपास सगळे याचे. आता बाकी म्हणजे किती, हे त्याच्या बायकोसमोर विचारू नये.

पण खरा फरक पैशात नाही. तेव्हा तो वाजवायचा आणि आम्ही समोर असायचो. बेसूर वाजलं तर “लेका, कान धुऊन ये” एवढंच मिळायचं आणि तो शिव्या देत पुन्हा वाजवायचा. आता अल्बमची लिंक आमच्या ग्रुपवर आली. पाच मिनिटांत अंगठे, टाळ्या, लाल बदाम. पहिला अंगठा आला तेव्हा पहिला तुकडासुद्धा संपलेला असणं शक्य नव्हतं. “जबरदस्त!”, “अभिमान आहे मित्रा!” वगैरे. मैत्रीत इतकी सभ्यता कधी शिरली कुणास ठाऊक. त्याने कुणालाच काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

म्हणून घरघरीबद्दल विचारलं त्याच फोनवर मी सांगून टाकलं की शेवटचा तुकडा काढ. काकू गुणगुणायच्या त्या भावगीताची चाल त्याने तिथे सरळ वाजवली आहे, गोड, हळवी. चाल वाजवल्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्यावर इको इतका ओतलाय की देवळात वाजवल्यासारखं वाटतं, आणि सॉफ्टवेअर लावून तारांचे, बोटांचे, खोलीचे सगळे आवाज पुसून टाकले आहेत. पाच तुकडे जे जमवत आणलं ते सहाव्यात फिनेलने धुतलंय. काकूंची चाल आणि काकूंना नको असलेली घरघर एकाच तुकड्यात असती तर गोष्ट वेगळी होती.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तू म्हणतोस ते बरोबर असेल. पण लोकांना तेवढाच आवडलाय.”

“कुठल्या लोकांना?”

“सगळ्यांना. इथल्या मराठी मंडळाने गणपतीत वाजवायला बोलावलंय. तोच वाजवा म्हणाले.”

“मग जा. आणि आधी दहा मिनिटं घरघर वाजव.”

“विचारलं मी,” तो म्हणाला. “त्यांचा साउंडवाला फार काळजी घेणारा आहे. म्हणाला, सर, हॉलचं वायरिंग नवीन आहे, घरघरीचं टेन्शन अजिबात घेऊ नका.”