लघुशंका : एक निरसन

मूत्रविसर्जनाला 'लघुशंका' म्हणणाऱ्या भाषेने संकोच तर राखलाच, शिवाय नकळत एका व्याधीचे नेमके वर्णनही करून ठेवले. अतिसक्रिय मूत्राशयाच्या विकारात मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याचा स्नायू आकुंचन पावू लागतो. येते ती शंकाच; मात्र ती क्षणाचीही उसंत देत नाही.

अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ने ये-जा करतो. या विकाराने आमचा भूगोल बदलला. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, हे इतरांसाठी. आमच्यासाठी कराड म्हणजे स्थानकावरचे स्वच्छतागृह. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पडदा उघडला त्या सांगलीत आम्ही नाटकाला जातो, ते कडेची खुर्ची मिळाली तरच.

उपचार आहेत, आणि ते पायरीपायरीने होतात. आधी जंतुसंसर्ग व मधुमेह नाही ना, हे तपासतात. मग तीन दिवसांची रोजनिशी : किती प्यालो, केव्हा गेलो, घाई किती होती. इतकी अलंकारहीन दैनंदिनी आम्ही प्रथमच लिहिली. त्यानंतर चहा-कॉफी कमी करणे, अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेले कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि दोन खेपांमधले अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेणे. येथे चरकसंहितेतला 'नवेगान्धारणीय' अध्याय आठवून आम्ही अडखळलो. वेग अडवू नये, ही त्याची शिकवण आणि मूत्राचा वेग त्यात आहेच. पण भरलेले मूत्राशय रोखून धरणे वेगळे आणि खोट्या हाकेला ओ न देणे वेगळे, हा विवेक डॉक्टरांनी समजावला.

एवढ्याने न भागल्यास औषधे. सोलिफेनासिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो; वृद्धांच्या स्मरणशक्तीचीही काळजी घ्यावी लागते. मिराबेग्रॉनने हा त्रास कमी, पण रक्तदाबावर लक्ष हवे. त्यापुढे मूत्राशयात बोट्युलिनमची इंजेक्शने, ज्यांचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो, किंवा घोट्याजवळच्या अथवा माकडहाडाच्या वरच्या भागातील मज्जातंतूंना विद्युत्‌-उद्दीपन.

आम्ही अद्याप रोजनिशी आणि व्यायामाच्याच पायरीवर आहोत. तासाचे अंतर सव्वादोन तासांवर आले आहे. साताऱ्याहून कराडपर्यंतचा टप्पा निर्धास्त पार पडतो.

मात्र या साऱ्या उपचारांत एक गृहीत दडलेले आहे : वेळ झाली की जायला जागा असेल. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीला स्त्रियांसाठी नेमकी तीच जागा मागावी लागली. जागा नाही म्हणून अनेकजणी प्रवासात पाणीच तोडतात. त्याने मूत्र तीव्र होऊन मूत्राशय अधिकच चाळवते. आणि डॉक्टरांकडे गेल्यावरही 'जरा त्रास होतो' एवढेच बोलून थांबतात. भाषेच्या अभ्यासकांनी तरी ते वाक्य पूर्ण करावे : कुठे, किती वेळा, कधीपासून. उपचाराची सुरुवात त्या वाक्यानेच होते.