कॉलर कोणाची धरायची?

गेल्या दिवाळीत शेलूबाजारला मामाकडे गेले होते. ओसरीवर बसून त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या एका शहरात पांढरी गाडी चौकात थांबते, वळते, पुढे निघते. ड्रायव्हरच्या जागेवर कोणीच नाही, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. मामाने उमेदीची पंधरा वर्षं मालेगाव ते कारंजा काळीपिवळी जीप चालवली. मला वाटलं, तो थक्क होईल. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "आन् धडकली कोनाले, त लोकं कॉलर कोनाची धरतीन?"

मी हसले, पण उत्तर सुचलं नाही. आणि ते सुचायला हवं होतं. कारण पुण्यात दोन वर्षं मी अशाच गाड्यांसाठी काम केलं होतं. रस्त्यावरचं चित्रण पडद्यावर यायचं. त्यातल्या एकेका वस्तूभोवती चौकट आखायची आणि तिला नाव द्यायचं: कार, ट्रक, सायकल, माणूस. अशा लाखो चौकटींवरून यंत्र 'बघायला' शिकतं. आमच्या यादीत बैलगाडी नव्हती. कधीमधी दिसलीच तर 'इतर'मध्ये टाका, असं सांगितलेलं होतं. मी टाकत होते.

मामाचं आयुष्य एका बैलगाडीपाशीच अडलेलं आहे.

२००३ सालचा हिवाळा. तेव्हा समृद्धी महामार्ग नव्हता, नागपूर-औरंगाबाद जुना रस्ता होता. कापसाच्या गाड्या रात्रीच कारंज्याकडे निघायच्या. गाडीला मागे ना कंदील, ना लाल पट्टी. मामाच्या जीपचा डावा दिवा पंधरा दिवसांपासून बंद होता. जीप मामाची नव्हती. मालकाला त्याने दोनदा सांगितलं होतं. "हप्ता झाला की टाकू," असं मालक म्हणाला होता. त्या रात्री गाडी दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मागे बसलेला शेतकरी जागीच गेला.

बाकीचे ड्रायव्हर अशा वेळी रानात पळायचे. मामा पळाला नाही. प्रेताशेजारी रस्त्यावर बसून राहिला. आजूबाजूच्या वस्तीतले लोक आले, त्यांनी त्याला मारलं. समोरचे दोन दात तेव्हाच गेले. मग पोलीस, जामीन, आणि वाशीमच्या कोर्टाच्या तारखा, नऊ वर्षं. शेवटी पुराव्याअभावी सुटला. त्या बंद दिव्याचा उल्लेख कागदावर कुठेच आला नाही, कारण धडकेत दोन्ही दिवे फुटले होते. मालकाने दुसरी जीप घेतली. रात्री कापूस वाहणाऱ्या गाड्यांना मागे दिवा हवा, हे बघण्याचं काम कोणाचं होतं, हे कोणी विचारलंही नाही. दोष पाण्यासारखा असतो. उताराला लागतो आणि सगळ्यात खाली जो उभा असतो, त्याच्या पायाशी साचतो.

हे मला पुन्हा आठवलं ते जुलै २०२३ मध्ये. १ जुलैच्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस आमचा जिल्हा ओलांडून पुढे गेली आणि बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली. २५ माणसं जळून गेली. दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला, दोष कोणाचा. टायर फुटलं, असं चालकाने सांगितलं. तसा पुरावा दिसत नाही, असं आरटीओच्या अहवालात आलं. चालकाला अटक झाली. सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर डोळ्यांना गुंगी येते, अशी चर्चा झाली. रस्ताच शापित आहे, असंही लोक बोलू लागले. अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवण्याचा प्रकार झाला आणि त्यावरून गुन्हाही नोंदला गेला. ड्रायव्हर किंवा शाप, लोकांना दोनच जागा सापडल्या. त्या दोघांच्या मधलं सगळं, म्हणजे रस्त्याची आखणी, थांबण्याच्या सोयी, ड्रायव्हरच्या झोपेचे तास, बसचे आपत्कालीन दरवाजे, हे चार दिवस बातम्यांत राहिलं आणि विरलं.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या एका खटल्याचा शेवट झाला. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. स्वयंचलित गाडीखाली पादचारी मेल्याची जगातली ही पहिली नोंद. गाडीत देखरेखीसाठी एक चालक होती. तिचं लक्ष मोबाइलवर होतं. ही तिची चूकच. पण चौकशीत आणखीही बाहेर आलं. यंत्राला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. ती नेमकी काय आहे, हे मात्र त्याला ठरवता येईना. वाहन, मग 'इतर', मग सायकल, असं ते नाव बदलत राहिलं. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे त्याला शिकवलेलंच नव्हतं. गाडीत मूळची असलेली आपोआप ब्रेक लावायची सोय कंपनीने चाचणीत बंद ठेवली होती. तरी कंपनीवर फौजदारी गुन्हा झाला नाही. गुन्हा झाला त्या चालकावर. जुलै २०२३ मध्ये तिने दोष कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

हा अहवाल मी पुण्यात नोकरीत असतानाच वाचला. 'इतर' या शब्दापाशी थांबले. माझ्या पडद्यावरच्या यादीतही तो होता.

मॅडलिन क्लेअर एलिश या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशा प्रकाराचं चांगलं वर्णन केलं आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपतो, म्हणजे आतला माणूस वाचतो. स्वयंचलित यंत्रणेत उलटं होतं. यंत्राची अब्रू वाचावी म्हणून माणूस चेपला जातो. मला वाचताना मामाचे दोन दात दिसले.

आपल्याकडे असल्या गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी एकाहून अधिक वेळा म्हणाले आहेत. ते ठीकच. पण आपोआप ब्रेक लावणाऱ्या, पट्ट्यातून गाडी सरकली तर स्टिअरिंग सांभाळणाऱ्या गाड्या भारतात केव्हाच विकल्या जाताहेत आणि समृद्धीवर धावताहेत. उद्या त्यातलं काही चुकलं, तर? आपल्या मोटार वाहन कायद्यात भरपाई मालक आणि विमा कंपनीकडून येते, फौजदारी गुन्हा मात्र चालकावर होतो. ब्रिटनने २०२४ साली कायदा करून ठरवलं, की गाडी स्वतः चालत असताना गाडी चालवण्याबाबतचे गुन्हे आतल्या माणसाच्या माथी मारायचे नाहीत, जबाबदारीसाठी एक मान्यताप्राप्त कंपनी आधीच नेमलेली असेल. म्हणजे कॉलर कोणाची, हे अपघाताआधी ठरलेलं.

कंपन्या म्हणतात, आमच्या गाड्यांचे अपघात माणसांपेक्षा कमी. ते खरं असेलही, आणि तेवढे जीव वाचणार असतील तर मला त्या हव्याच आहेत. पण विश्वास आकड्यांवर बसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीची धडक बसून समोर पडलेल्या बाईला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीने सुमारे २० फूट फरफटत नेलं. कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालात फरफटल्याचं लिहिलंच नाही. पुढे खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन तिने दंड भरला. तोवर तिचे परवाने गेले होते, लवकरच धंदाही गुंडाळला गेला. यंत्र चुकलं, ते लोकांनी कदाचित पचवलंही असतं. माणसं पळाली, ते नाही.

हे मामाला सोप्या भाषेत सांगितलं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग त्याने मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. केस सुटल्यानंतर चार वर्षांनी त्या मेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा घरी आला होता. नवा ट्रॅक्टर घेतला होता, पेरणी तोंडावर होती, चालवायला माणूस हवा होता. मामा म्हणाला, "बावा, माह्या हातून तुह्या बाप गेला." तो म्हणाला, "माहीत हाय. पन तुमी पयाले नव्हते."

त्या पेरणीला मामाने त्याचं सगळं शेत पेरलं.

मी ती नोकरी सोडली आहे, तत्त्वासाठी नव्हे, पगार कमी होता म्हणून. पण आखलेल्या चौकटी कुठल्यातरी गाडीच्या डोळ्यांत अजून आहेत. त्यातली एखादी बैलगाडी 'इतर' म्हणून बघितली जाईल आणि कोणी जाईल, तर माझ्यापर्यंत कोणी येणार नाही. मला ते कळणारही नाही. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग तुले पयाची गरजच नाही ना बाई." तो रागाने बोलला नव्हता. अडकित्ता ठेवून तो गोठ्याकडे गेला, आणि मी मोबाइल बंद केला.