कन्हानकाठची एक दुपार

नागपुराच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव वसलेले आहे. येथे १८६७ साली नगरपालिका स्थापन झाली. परंतु गावाचा जुना लौकिक कोष्टी मंडळींच्या मागांमुळे. एका मंगलकार्यानिमित्त आम्हांस तेथे चार दिवस राहण्याचा योग आला.

पहिल्याच दुपारी आमचा दहा वर्षांचा पुतण्या नदीकाठी झाडाखाली चित्रकथेत गढून गेलेला दिसला. ‘चित्रे पाहणे म्हणजे वाचन नव्हे,’ असे बजावून आम्ही पुस्तक काढून घेतले. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, “काका, घोड्याने दरी ओलांडली, ते चित्र दाखवा.” आम्ही पान पाहिले. एका चौकटीत घोडा अलीकडच्या कड्यावर, पुढच्या चौकटीत पलीकडे. मधली उडी चित्रकाराने काढलीच नव्हती. तरी आम्हांसही ती दिसली होती!

शेजारी एक वृद्ध विणकर विसावले होते. ते हसून म्हणाले, “भाऊ, धोटा या टोकाला दिसतो, त्या टोकाला दिसतो. मधी ताण्यात शिरला की दिसत नाही. पण कापड तिथंच होते.”

अमेरिकेतील चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाऊड यांनी १९९३ साली ग्रंथरूपाने हेच प्रतिपादिले आहे. दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत काळ आणि गती वाचक स्वतः भरतो. चौकट रुंद केली की क्षण लांबल्यासारखा वाटतो. अरुंद चौकटी ओळीने मांडल्या की धांदल भासते. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करीत रामायण-महाभारतातील आख्याने गातात. तेथे मधली जागा गायकाचा स्वर भरून काढतो. मुलाच्या हातातील पुस्तकास असा स्वर नसतो. म्हणून ते काम त्याचे त्यासच करावे लागते. यास वाचन म्हणावयाचे नाही, तर दुसरे काय म्हणावयाचे?

सायंकाळी आम्ही पुस्तक सर्वांदेखत परत केले आणि ‘मध्ये काय घडले?’ असे घरातील मंडळींस विचारले. प्रत्येकाची उडी निराळी निघाली. आजी म्हणाल्या, “घोडा आधी कचरला असेल.” पुतण्याने लगबगीने पुस्तक उघडले आणि दिव्याजवळ नेऊन घोड्याचे कान निरखून पाहिले.